गोळी चालू, दूधही चालू

पहिलं बाळंतपण माहेरी. ओटी भरून मुलगी सांगलीला किंवा नांदेडला येते आणि तिचे मानसोपचारतज्ज्ञ राहतात पुण्यात. बॅगेत महिना-दोन महिन्यांच्या गोळ्या असतात, जुनं प्रिस्क्रिप्शन असतं. बाळ होतं, बारसं होतं आणि नेमकी त्याच सुमारास स्ट्रिप संपते. कोपऱ्यावरचा केमिस्ट खोक्यातली चिठ्ठी उलगडून दाखवतो: स्तनदा मातांनी घेऊ नये. घरची माणसं म्हणतात, राहू दे गं, अंगावर पाजतेयस. तिथं औषध सुटतं. कुणी विचार करून बंद केलेलं नसतं, आपसूक बंद पडतं.

मनाच्या आजाराची औषधं आणि अंगावरचं दूध या विषयात माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान या आपसूक बंद पडण्यानं होतं. बाळंतपणानंतरचे पहिले तीन महिने मनाच्या आजारासाठी आयुष्यातले सर्वांत नाजूक महिने असतात. भारतातल्या 38 अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण 2017 साली प्रसिद्ध झालं, त्यात प्रसूतीनंतरच्या नैराश्याचं प्रमाण 22 टक्के आलं, म्हणजे पाचांत एक बाळंतीण. बाळंतवेड हजारात एक-दोघींना होतं आणि ते बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच उफाळतं. बायपोलर आजार, म्हणजे उन्माद आणि नैराश्याचे झटके येणारा आजार, असलेल्या बाईला हा धोका कितीतरी पट जास्त. अशा वेळी औषध एका झटक्यात सुटलं, तर आठवड्याभरात चक्कर, डोक्यात वीज चमकल्यासारखं होणं, चिडचिड, रडू असं सुरू होतं आणि सगळे म्हणतात, जागरणानं झालंय.

खोक्यातल्या चिठ्ठीबद्दल एवढंच: स्तनदा मातांवर औषधाच्या चाचण्या सहसा होत नाहीत, त्यामुळे कंपनी सरसकट 'नको' लिहून मोकळी होते. दुधात किती जातं, बाळाच्या रक्तात किती सापडतं, हे त्यात बहुधा नसतंच. पाहायचं असतं नेमकं तेच.

दुधात किती उतरतं

आईच्या रक्तातलं औषध दुधात उतरतं ते मोकळं असेल तेवढंच. रक्तातल्या प्रथिनांना चिकटून बसलेला भाग मागेच राहतो. सर्ट्रालीन हे नैराश्याचं औषध 98 टक्के चिकटलेलं असतं, म्हणून दुधात फार कमी जातं. नैराश्याचंच व्हेन्लाफॅक्सीन साधारण 27 टक्केच चिकटतं, म्हणून जास्त जातं. बायपोलर आजारावरचं लिथियम तर अजिबात चिकटत नाही. शिवाय दूध रक्तापेक्षा किंचित आम्लधर्मी असतं, त्यामुळे काही औषधं एकदा दुधात आली की तिथंच अडकून राहतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत दूध तयार करणाऱ्या पेशींमधल्या फटी उघड्या असतात, औषध सहज जातं, पण तेव्हा चीक इतका थोडा येतो की बाळाच्या पोटात जाणारी एकूण मात्रा नगण्यच राहते.

मोजायची रीत सोपी आहे. बाळ दिवसाला वजनाच्या दर किलोमागे 150 मिली दूध पितं असं धरायचं. 4 किलोचं बाळ म्हणजे 600 मिली. आई 60 किलोची, रोज सर्ट्रालीन 100 मिलिग्रॅम घेते आणि दुधात लिटरमागे 45 मायक्रोग्रॅम औषध आहे असं समजू. बाळाला दिवसभरात मिळाले 27 मायक्रोग्रॅम, म्हणजे किलोमागे पावणेसात. आईला किलोमागे मिळतात 1667. भागाकार येतो 0.4 टक्के. या आकड्याला डॉक्टरांच्या बोलण्यात आरआयडी (रिलेटिव्ह इन्फंट डोस) म्हणतात. तो 10 टक्क्यांच्या खाली असेल तर औषध साधारणपणे चालण्याजोगं मानतात. दहाची रेघ सोयीसाठी आखलेली आहे, अकरावर विष आणि नवावर अमृत असं काही नसतं.

या आकड्याच्या जोडीला बाळाचं वय पाहावंच लागतं. नवजात बाळाचं यकृत आणि मूत्रपिंडं औषध बाहेर टाकायला अजून शिकत असतात. दुधातून गेलेल्या औषधाचा बाळाला त्रास झाल्याच्या ज्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत, त्यांतली बहुसंख्य बाळं दोन महिन्यांच्या आतली आहेत, सहा महिन्यांपुढची अगदी थोडी. म्हणून तीच गोळी तीन आठवड्यांच्या बाळाला एक आणि सात महिन्यांच्या, वरणभात खाणाऱ्या बाळाला दुसरीच असते. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल, काचेच्या पेटीत असेल किंवा त्याला किडनीचा वा हृदयाचा त्रास असेल, तर वरचे सगळे आकडे बाजूला ठेवून बालरोगतज्ज्ञांशी वेगळं बोलावं लागतं.

नैराश्याची औषधं

पहिल्यांदाच औषध सुरू करायचं असेल तर बहुतेक ठिकाणी सर्ट्रालीनपासून सुरुवात होते. आरआयडी साधारण अर्धा ते दोन टक्के, आणि अंगावर पिणाऱ्या बाळांच्या रक्तात ते बहुतेक वेळा सापडतही नाही. सुरुवात 25 मिलिग्रॅमनं, आठवड्याभरात 50, मग गरजेप्रमाणे वर. गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी सहाही. पाच दिवसांत 'काही फरक नाही' म्हणून सोडून देणं ही नेहमीची चूक. पॅरोक्सेटीनही दुधात कमी उतरतं, पण त्याचा एखादा डोस चुकला तरी आईला त्रास होतो आणि पुढच्या गरोदरपणासाठी ते फारसं पसंत केलं जात नाही. एस्सिटालोप्रॅम 5 ते 8 टक्के. फ्लुओक्सेटीनचं गणित अवघड: त्याचं शरीरात तयार होणारं रूप आठवडा-आठवडा रेंगाळतं, आरआयडी काही आयांमध्ये दहाच्या वर जातो आणि नवजात बाळात ते साठू शकतं. पोटात मुरडा, किरकिर, झोपमोड अशा नोंदी याच औषधाच्या जास्त आहेत.

म्हणून काय, फ्लुओक्सेटीनवर बरी असलेल्या बाईनं बाळंत झाल्यावर ते बदलायचं? बहुधा नाही. गरोदरपणात ज्या औषधावर ती स्थिर राहिली, तेच पुढे चालवणं जवळपास नेहमी शहाणपणाचं ठरतं. बाळाला पोटात असताना नाळेतून ते औषध दुधापेक्षा कितीतरी जास्त मिळून झालेलं असतं. बदललं तर बाळाला एकाऐवजी दोन औषधांचा संपर्क आणि आईला आजार उलटण्याचा धोका, दोन्ही पदरात.

इथंच एक घोटाळा होतो. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत ही औषधं चालू असतील, तर साधारण तीनांत एका बाळाला जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत थरथर, चिडकं रडणं, दूध नीट न ओढणं, जलद श्वास असं होऊ शकतं. बहुतेकदा ते सौम्य असतं आणि आठवडा-दोन आठवड्यांत मावळतं. श्वासाचा त्रास किंवा दूध न ओढणं असेल, तर मात्र डॉक्टरांनी लगेच पाहायचं. हे होतं नाळेतून येणारा पुरवठा तुटल्यामुळे. घरात मात्र निष्कर्ष निघतो की दुधातून गोळी जातेय, आणि वरचं दूध सुरू होतं. त्यानं थरथर थांबत नाही, अंगावरचं दूध तेवढं आटतं.

जुन्या औषधांत अमिट्रिप्टिलीन आणि नॉरट्रिप्टिलीन दुधात कमी जातात. त्याच घराण्यातलं डॉक्सेपीन मात्र टाळायचं, कारण बाळ सुस्त होऊन श्वास मंदावल्याच्या नोंदी आहेत. ब्युप्रोपिऑनचं प्रमाण कमी असलं तरी बाळाला झटके आल्याच्या तुरळक नोंदी असल्यानं ते पहिल्या पसंतीचं नाही.

झोपेची गोळी आणि जोडगोळ्या

आपल्याकडे एस्सिटालोप्रॅम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत सर्रास मिळतात. नावापुढे 'प्लस' लावलेलं असतं आणि बाईला आपण झोपेचं औषधही घेतोय याचा पत्ता नसतो. स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात घटक छापलेले असतात. ते वाचायचे, आणि दोन असतील तर डॉक्टरांना सांगायचं की हे सुटं करून द्या. सुटं असलं की एस्सिटालोप्रॅम तेवढंच ठेवून क्लोनाझेपाम पायरीपायरीनं उतरवता येतं. जोडगोळीत एक उतरवलं की दुसरंही उतरतं.

क्लोनाझेपामसारख्या झोपेच्या गोळ्यांच्या गटाची भीती आहे त्यापेक्षा मोठी करून सांगितली जाते. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ही औषधं घेणाऱ्या 124 स्तनदा मातांची चौकशी झाली, त्यांत बाळ गुंगीत राहिल्याचं दोघींनीच सांगितलं. घ्यायचीच वेळ आली तर लोराझेपाम बरं, कारण ते लवकर निघून जातं. डायझेपाम नवजात बाळात साठत जातं, ते रोज नको. आणि गोळी एक असताना सर्दीचं सिरप, प्रोमेथाझीन, अंगदुखीची गुंगी आणणारी गोळी असं वर वर चढत गेलं, की बाळ सुस्त होण्याची शक्यता खरी वाढते.

बाळ सुस्त दिसलं की आधी घुटीची वाटी पाहा. मायफळ, हळकुंड, वेखंड, मुरडशेंग यांच्या जोडीला सहाणेवर जायफळाचे वेढे दिले जातात ते बाळ शांत झोपावं म्हणूनच. आज दोन वेढे, बाळ रडलं म्हणून उद्या चार. जायफळानं गुंगी येते आणि एका वेढ्यात किती उतरलं ते कुणालाच मोजता येत नाही. आईच्या गोळीकडे बोट दाखवण्याआधी आठ दिवस घुटी बंद ठेवून पाहायची. तसंही सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय काही देऊ नये असंच सांगितलं जातं. आजीला दुखवायचं नसेल तर घुटीऐवजी तेलमालिश तिच्याकडे द्यावी.

बायपोलर आजार: इथं खरी कसरत

लिथियम हे या यादीतलं सगळ्यात नाजूक औषध. ढोबळ हिशेब असा: आईच्या रक्तात जेवढं, त्याच्या निम्मं दुधात आणि पाव बाळाच्या रक्तात. आईची पातळी 0.8 असेल तर दुधात 0.4 आणि बाळात 0.2 च्या आसपास. बाळाला जुलाब झाले, ताप आला, दूध कमी प्यायलं, की शरीरातलं पाणी घटतं आणि हा पाव भाग झपाट्यानं वर चढतो. म्हणून अनेक डॉक्टर लिथियमवर अंगावर पाजू नका असंच सांगतात, आणि ते चुकीचं म्हणता येणार नाही. पाजायचंच ठरलं तर बाळ पुऱ्या दिवसांचं आणि निरोगी हवं, आणि रक्त तपासायची सोय हाताशी हवी: बाळाची लिथियमची पातळी, मूत्रपिंडांसाठी क्रिएटिनिन आणि थायरॉइडसाठी टीएसएच, जन्मानंतर लगेच, मग 4 ते 6 आठवड्यांनी, पुढे दर 8 ते 12 आठवड्यांनी. जुलाब किंवा ताप दिसला की अंगावरचं दूध तात्पुरतं थांबवून त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञ गाठायचे.

रक्त काढताना एक गोष्ट बघायची. हिरव्या झाकणाच्या काही नळ्यांमध्ये रक्त गोठू नये म्हणून लिथियम हेपरिन घातलेलं असतं. त्या नळीत रक्त घेतलं तर नळीतलंच लिथियम मोजलं जातं, बाळाचा आकडा भीतिदायक येतो आणि सगळं घर हादरतं. तपासणी लिथियमची आहे हे रक्त काढणाऱ्याला तोंडानं सांगावं. आईचं रक्त रात्रीच्या डोसनंतर 12 तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचं.

आईच्या बाजूनंही दोन खाचा आहेत. गरोदरपणात मूत्रपिंडं जोरात काम करतात, म्हणून लिथियमचा डोस अनेकदा वाढवलेला असतो. बाळंत झाल्यावर मूत्रपिंडांचा वेग पूर्ववत होतो, पण वाढवलेला डोस तसाच राहतो आणि पातळी चढते. त्यात सिझरनंतर दुखण्यासाठी डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन दिलं तर लिथियम आणखी अडकतं. प्रसूतिगृहात दाखल होतानाच केसपेपरवर लिथियमचं नाव मोठ्या अक्षरात लिहून घ्यायचं आणि दुखण्यासाठी पॅरासिटामॉलवर भर द्यायचा.

लॅमोट्रिजीनचीही गोष्ट थोडी तशीच. गरोदरपणात ते शरीरातून लवकर निघून जातं, म्हणून डोस वाढवतात. बाळंतपणानंतर दोन-तीन आठवड्यांत हा वेग उतरतो आणि डोस उतरवला नाही तर आईला तोल जाणं, दोन-दोन दिसणं, मळमळ सुरू होते. आणि आईची पातळी चढली की दुधातलीही चढते. आरआयडी 9 ते 18 टक्के, म्हणजे रेघेवरचं औषध. तरीही बहुतेक बाळं व्यवस्थित राहतात. लक्ष ठेवायचं ते अंगावरच्या पुरळावर, गुंगीवर आणि दूध ओढण्याच्या जोरावर. फार मोठ्या डोसवर असलेल्या आईच्या बाळाचा श्वास थांबल्याची एक नोंद आहे, त्यामुळे डोस उतरवण्याचा मुद्दा कागदावर राहू देऊ नये.

माहेरी स्ट्रिप संपण्याचा सगळ्यात मोठा धोका लॅमोट्रिजीनमध्येच आहे. पाच दिवसांहून अधिक खंड पडला असेल, तर पुन्हा सरळ 200 मिलिग्रॅम सुरू करायचं नसतं. पहिल्यापासून, 25 मिलिग्रॅमपासून चढायचं, नाहीतर कातडी सोलून निघणारी गंभीर प्रतिक्रिया येऊ शकते. भासांवरच्या क्लोझापीनचा खंड त्याहून कमी सोसतो: 48 तासांपेक्षा जास्त चुकलं की 12.5 मिलिग्रॅमपासून नव्यानं. अर्थात क्लोझापीनवर अंगावर पाजू नये असाच सल्ला दिला जातो, कारण बाळाच्या पांढऱ्या पेशी घटण्याची भीती असते.

व्हॅल्प्रोएट दुधात जेमतेम एक-दोन टक्केच उतरतं. केवळ दुधापुरतं पाहिलं तर ते चांगलं ठरेल, आणि तिथंच फसगत होते. पोटातल्या गर्भासाठी ते अतिशय घातक आहे, आणि पाळी सुरू होण्याआधीही दिवस जाऊ शकतात. अंगावर पाजतेय म्हणजे दिवस जाणार नाहीत या भरवशावर व्हॅल्प्रोएट चालवणं म्हणजे दुसऱ्या बाळाशी जुगार. आधी तांबी, मग बाकीचं. कार्बामाझेपीन चालू असेल तर गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी होतो, तिथंही तांबीच बरी.

भास, संशय, बाळंतवेड

ओलान्झापीन आणि क्वेटियापीन ही दोन्ही दुधात कमी जातात. ओलान्झापीन एक-दोन टक्के, क्वेटियापीन तर एका टक्क्याच्याही खाली. रिस्पेरिडोन त्याहून जास्त, 3 ते 9 टक्के. अमिसुलप्राइड आपल्याकडे भरपूर लिहिलं जातं आणि त्याचा आकडा दहाच्या आसपास किंवा वर जातो, त्यामुळे दुसरा पर्याय असेल तर तो घ्यावा. अॅरिपिप्राझोल प्रोलॅक्टिन हे दूध आणणारं संप्रेरक उतरवतं, म्हणजे दूधच कमी होऊ शकतं. बाळ दूध सोडत नाही, सारखं रडतं, वजन वाढत नाही असं असेल, तर दोष बाळाला पोचणाऱ्या औषधात नसून आटलेल्या दुधात असू शकतो. ट्रायहेक्सिफेनिडिल ही कंप-ताठरपणासाठी सोबत दिली जाणारी गोळीही दूध कमी करू शकते.

दूध वाढवायच्या गोळ्यांवर जरा थांबू. मेटोक्लोप्रामाइड उलटीचं औषध आहे, ते दूध वाढवायला देतात, पण त्यानं नैराश्य येऊ शकतं आणि भासांच्या औषधाबरोबर घेतलं तर अंग ताठतं. नैराश्याचा इतिहास असलेल्या बाळंतिणीला ते देऊच नये. डॉम्पेरिडोन मेंदूत कमी जातं, पण एस्सिटालोप्रॅमबरोबर घेतलं तर हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडण्याचा धोका वाढतो, आणि मोठा डोस एकदम थांबवला तर काहींना अस्वस्थता व निद्रानाश होतो. अळीव आणि शतावरी खुशाल घ्या, पण दूध वाढतं ते बाळाला वारंवार आणि नीट लावण्यानं.

याच्या उलट, 'दूध आटवायची गोळी'. बाळंतवेड झालं, आईला दाखल केलं, दूध थांबवायचं ठरलं, आणि कुणीतरी सवयीनं कॅबरगोलिन किंवा ब्रोमोक्रिप्टिन लिहून दिलं. ही औषधं मेंदूतल्या डोपामिन या रसायनाचा असर वाढवतात. भास-संशयाची औषधं नेमका तोच असर रोखण्यासाठी दिलेली असतात. एका हातानं विझवायचं, दुसऱ्या हातानं तेल ओतायचं. बायपोलर किंवा बाळंतवेडाचा इतिहास असेल तर ही गोळी टाळून दोन पाजण्यांमधलं अंतर वाढवत नेणं, छाती दुखली तर आराम पडण्यापुरतंच दूध काढणं, थंड घड्या आणि घट्ट आधार देणारी ब्रा यांवर भागवावं.

पिळून फेकणं आणि रात्रीची झोप

गोळी घेतल्यावर चार तास दूध पिळून फेकायचं, हा सल्ला अजून चालतो. रोज घ्यायच्या बहुतेक औषधांची रक्तातली पातळी आठवड्या-दोन आठवड्यांत जवळपास सपाट होते, त्यामुळे एखादं पाजणं फेकून काही साधत नाही. सर्ट्रालीनची दुधातली सर्वांत वरची पातळी गोळीनंतर 7 ते 10 तासांनी येते, म्हणजे चार तास थांबून पाजणारी बाई उलट त्या चढाकडेच जात असते. वेळेचा हिशेब लोराझेपामसारख्या लवकर निघून जाणाऱ्या औषधांपुरता ठीक: रात्रीचं शेवटचं पाजून लगेच गोळी, म्हणजे बाळाच्या लांब झोपेचा काळ मध्ये येतो.

आईची झोप मात्र औषधाइतकीच महत्त्वाची. बायपोलर आजारात सलग जागरणं हेच उन्मादाचं कारण होऊ शकतं. तिला रोज 5 ते 6 तासांची एक अखंड झोप मिळाली पाहिजे, म्हणजे मधलं एक पाजणं दुसऱ्यानं सांभाळायचं. झोपण्याआधी दूध पिळून झाकणाच्या स्टीलच्या भांड्यात काढायचं. 25 अंशांच्या आसपास ते चार तास टिकतं. मे महिन्यात विदर्भात तो भरवसा नाही, थेट फ्रीजमध्ये, दाराच्या कप्प्यात नव्हे तर आत मागे, आणि दुसऱ्या दिवशी संपवायचं. गरम करायचं ते कोमट पाण्यात भांडं ठेवून, गॅसवर नाही. पाजायला बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा घरातलं जुनं बोंडलं बरं, धुवायला सोपं आणि बाळ अंगावर प्यायचं विसरत नाही.

गुंगीची गोळी घेऊन झोपणाऱ्या आईनं बाळाला एका अंथरुणात, कुशीत घेऊन झोपायचं नाही. बाळाचा बिछाना हाताच्या अंतरावर पण वेगळा. दूध पाजताना झोप लागणारच असेल तर सोफ्यावर तर मुळीच नको, तिथं बाळ गादीच्या फटीत जातं. या बाबतीत आईला दम देऊन उपयोग नसतो, रात्री उठणारं दुसरं माणूस ठरवून द्यावं लागतं.

बाळाचं काय बघायचं

आधी रोजचं. पाजताना जागं राहतं का, दिवसाला सहा किंवा जास्त लंगोट ओले होतात का, पाजायच्या वेळेला स्वतः उठतं का. जन्मानंतर वजन 10 टक्क्यांपर्यंत उतरतं आणि दोन आठवड्यांत भरून येतं. पुढे पहिले तीन महिने दिवसाला 20 ते 30 ग्रॅम वाढायला हवं. त्याच काट्यावर, उघड्या अंगानं मोजायचं, नाहीतर झबल्या-लंगोटाचेच शंभर-दीडशे ग्रॅम होतात आणि वाढ खरी वाटते. आशा सेविका 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येते, पुढे 6, 10 आणि 14 आठवड्यांच्या लसी असतात. वजन आणि डोक्याचा घेर या भेटींतच कार्डावर चढवून घेतले की वेगळी फेरी पडत नाही. औषध नवं सुरू केलं किंवा वाढवलं, तर पुढचे दहा दिवस जास्त बारकाईनं पाहायचं. आणि बालरोगतज्ज्ञांना औषधाचं नाव सांगायचंच. सासरी कळेल म्हणून पुष्कळ जणी ते लपवतात, मग सुस्त बाळाच्या महागड्या तपासण्या अंधारात होतात.

मोठा प्रश्न असतो तो पुढचा: मेंदूवर परिणाम होईल का? अमेरिका आणि ब्रिटनमध्ये फिट्सची औषधं घेणाऱ्या आयांच्या मुलांवर एक दीर्घ अभ्यास झाला. ती औषधं होती कार्बामाझेपीन, लॅमोट्रिजीन, फेनिटॉइन आणि व्हॅल्प्रोएट, म्हणजे त्यांतली तीन आपण वर पाहिलेलीच. 2014 साली सहाव्या वर्षाचे निष्कर्ष आले: अंगावर प्यायलेल्या मुलांचा बुद्ध्यांक न प्यायलेल्यांपेक्षा सुमारे 4 गुणांनी जास्त. पोटात असताना दोन्ही गटांना औषध मिळालेलंच होतं. दुधातून आलेल्या औषधानं वेगळं नुकसान झाल्याचं त्यात दिसलं नाही. फ्लुओक्सेटीनवर 1999 च्या एका अभ्यासात अंगावर पिणाऱ्या बाळांचं वजन सहा महिन्यांपर्यंत सरासरी 400 ग्रॅमच्या आसपास कमी वाढलेलं आढळलं, म्हणून तिथं काटा महत्त्वाचा. भासांच्या औषधांचा पोटात संपर्क आलेली काही बाळं मान धरायला, बसायला थोडी मागे राहिल्याचं आढळलंय, आणि वर्षाच्या सुमारास तो फरक दिसेनासा झाल्याचंही. हे अभ्यास लहान आहेत आणि दुधाचा परिणाम पोटातल्या संपर्कापासून वेगळा काढणं त्यांत अवघडच असतं.

घरी पाहायच्या खुणा नेहमीच्याच: दोन महिन्यांपर्यंत आईकडे बघून हसणं, चार महिन्यांपर्यंत मान धरणं, आठ-नऊ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय बसणं, वर्षाच्या आसपास एखादा अर्थपूर्ण शब्द. यांतलं काही मागे पडलं तर तपासणी लगेच करायची, पण गोळीवर खापर फोडून ती बंद करायची नाही. नैराश्यात बुडालेली आई बाळाशी कमी बोलते, त्याच्या हुंकाराला हुंकार देत नाही, आणि बाळाचं बोलणं त्यानंही मागे पडतं. उपचार थांबवले तर या दोहोंतलं एक कारण आपणच वाढवतो.

औषधाची माहिती काढताना ब्रँडचं नव्हे, मूळ घटकाचं नाव टाकून शोधावं. अमेरिकी सरकारचा लॅक्टमेड हा संग्रह इंटरनेटवर फुकट आहे. त्यात दुधातली पातळी, बाळाच्या रक्तातली पातळी आणि त्रासाच्या नोंदी वेगवेगळ्या दिलेल्या असतात. तेच पान उघडून डॉक्टरांसमोर ठेवलं तर बोलणं 'चालतं की नाही' वरून 'किती आणि काय बघू' वर येतं.

काही वेळा मात्र संग्रह उघडायला थांबायचं नसतं. दोन-तीन रात्री झोप नाही तरी अंगात जोर, बाळाविषयी विचित्र खात्री, आवाज ऐकू येणं, स्वतःला किंवा बाळाला इजा करायचे विचार: यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय, आणि तोवर आई-बाळाला एकटं सोडायचं नाही. रात्री-अपरात्री कुणाला विचारायचं कळेना, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा 14416 हा फुकट क्रमांक आहे. दाखल व्हावं लागलं तरी बाळ तोडलंच पाहिजे असं नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 सांगतो की तीन वर्षांखालचं मूल उपचार घेणाऱ्या आईपासून एरवी वेगळं करू नये, आणि करावंच लागलं तर त्या निर्णयाचा दर 15 दिवसांनी फेरविचार व्हावा. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत 2009 पासून आई-बाळाला एकत्र ठेवणारा कक्ष आहे. सगळीकडे अशी सोय नसली तरी पाजण्याच्या वेळेला बाळ आणून परिचारिकेच्या देखत पाजू द्या, हे मागता येतं. विजेचे उपचार द्यावे लागले तरी त्यासाठी दूध कायमचं तोडावं लागत नाही. भुलीतून आई पूर्ण जागी झाली की पाजता येतं.

सहाव्या महिन्यात भाताची पेज, मऊ वरणभात सुरू झाला की दुधाचा वाटा घटतो आणि बाळाला पोचणारं औषधही. तोवर आईला बरं वाटू लागलेलं असतं, म्हणून नेमक्या याच सुमारास घरातून गोळ्या थांबवायचा आग्रह होतो. नैराश्य पूर्ण ओसरल्यावर पुढचे 6 ते 12 महिने औषध चालू ठेवायचं असतं, आणि नंतरही कित्येक आठवड्यांत उतरवत आणायचं. अंगावरून तोडणं आणि गोळी उतरवणं एकाच महिन्यात करू नये. दोन्ही एकदम केलं आणि मन पुन्हा ढासळलं, तर कशानं ते कुणालाच सांगता येत नाही. आधी दूध तोडायचं ठरलं, तर दोनेक महिने गोळी आहे तशीच ठेवून मग डॉक्टरांकडे डोस उतरवायचा विषय काढावा.